दार उघडं होतं म्हणून

अहो वहिनी, घोसाळी तुमच्या बाजूला लोंबतायत, तोडा की! वेल आमचा असला म्हणून काय झालं? बरं, नातीचं नाव मुक्ती मिशनच्या शाळेत घालणार म्हणे? अन् जाऊबाई नाक मुरडतायत? तुम्ही केडगावात नव्या, म्हणून सांगते.

शाळा मुळात इथली नव्हेच. मुंबईची! 1889 च्या मार्चात पंडिता रमाबाईंनी चौपाटीवर शारदा सदन काढलं. पैसा बोस्टनच्या मंडळींचा, तोही दहाच वर्षांच्या बोलीवर. सल्लागार कोण, तर रानडे, भांडारकर! बाई स्वतः ख्रिस्ती, पण विधवा पोरींनी आपापला धर्म पाळावा, सोवळ्यातला स्वयंपाक वेगळा, असा करार. दुसऱ्याच वर्षी बिऱ्हाड पुण्याला हललं आणि तिथं ठिणगी पडली. कशावरून? दारावरून! बाई लेकीला घेऊन प्रार्थनेला बसायच्या, दार सताड उघडं. एकेक पोरगी येऊन शेजारी बसायला लागली. दार लावून घ्या, म्हणे. का लावतील? आपण देवपूजेला कडी घालून बसतो का? झालं, केसरीनं झोडपलं, 1893 साली सल्लागार बाजूला झाले, कितीतरी पालकांनी मुली उचलून नेल्या. त्याच साली सदनातल्या गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. पुण्याला चघळायला एक सोडून दोन विषय!

मग आमचं केडगाव कुठून आलं? हिशेबातून. दहा वर्षं संपल्यावर खायचं काय, म्हणून बाईंनी रेल्वेलगत जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली. बागेवर शाळा चालवायची, एवढंच डोक्यात. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ. बाई थेट मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या पोरी घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या जणी ठेवायची सोय नाही. आणा मग बागेत! बागेसाठी घेतलेल्या जागेत गाव वसलं हो. 1900 पर्यंत दीड हजार तोंडं झाली.

एवढ्यांना मास्तर कुठले? सदनात शिकलेल्या थोरल्या पोरींनी धाकट्यांना शिकवायचं. नुसती बाराखडी नव्हे. कुणी मागावर, कुणी गोठ्यात, कुणी छापखान्यात. खिळे जुळवायला बायाच. बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल इथंच छापलं. आंधळ्यांचं बार्तीमी सदन वेगळं, म्हाताऱ्यांचं प्रीती सदन वेगळं. लेक मनोरमा बी. ए. झाली, शारदा सदनाची प्रिन्सिपल झाली. 1912 मध्ये मायलेकींनी पार निजामाच्या मुलखात, गुलबर्ग्याला, हायस्कूल काढलं. पोरगी सातवीला गेली की आमच्याकडे स्थळं बघायची तो काळ! त्या हायस्कूलचं कौतुक मला बायबलापेक्षा जास्त वाटतं, खरं सांगते.

बाटवायच्या म्हणतात तुमच्या जाऊबाई? पुण्यात शब्द दिलेला होता, तिथल्या भांडणात दोन्हीकडून बोलता येईल. केडगावात लपवाछपवीच नव्हती. मिशन उघड ख्रिस्ती, पटो न पटो. पण ज्या बाईचे आईबाप भुकेनं गेले, ती दुष्काळात पोरी गोळा करत फिरत होती, तेव्हा तुमच्या-आमच्या पणजोबांपैकी किती जणांनी त्यातली एक तरी घरात घेतली, तेवढं विचारा त्यांना. मी विचारलं म्हणून सांगा!