परदेशी भोपळा-खरेदीविधी

लेकीकडे किंवा मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात नातवंडांना घारगे करून घालण्याची इच्छा होते. ती दाबू नये. मात्र पिशवी घेऊन बाहेर पडण्याआधी देश कोणता, याची खात्री करावी.

अमेरिका असल्यास महिनाही पाहावा. ऑक्टोबरात दुकानाबाहेर केशरी, गोल, देखण्या भोपळ्यांच्या राशी लागतात. त्यांचे कौतुक करून पुढे जावे. हॅलोवीनला नाक-डोळे कोरून आत दिवा लावणे, हेच त्यांचे जीवितकार्य. तरीही हट्टाने किसल्यास पाणी सुटत राहते, कणीक घालावी तेवढी कमी पडते आणि अखेर परातभर सैल गोळा होतो. त्याला चव येते ती गुळाची. भोपळ्याने हात वर केलेले असतात.

म्हणून ‘स्क्वॉश’ची पाटी शोधावी. तिथे बटरनट नावाचा फिकट सालीचा, लांब मानेचा गृहस्थ भेटेल. मान पूर्ण भरीव, बिया फक्त खालच्या फुगीर भागात. साल साध्या सोलाण्याने निघते. आपल्या बाजारातला लाल भोपळा बहुधा याच्याच, म्हणजे क्युकर्बिटा मोशाटा जातीचा. पम्पकिन पायसाठी डब्यात मिळणारा गरही मुख्यतः डिकिन्सन नावाच्या, याच जातीतल्या भोपळ्याचा. डब्यावर ‘पम्पकिन’ छापायला तिथल्या सरकारची हरकत नाही. केशरीबुवा फक्त शोभेला.

ऑस्ट्रेलियात उलटा न्याय. कडक सालीचे झाडून सगळे पम्पकिन, बटरनटसुद्धा. स्क्वॉश मागितल्यास कंगोरेदार, चपट्या, पिवळ्या इवल्या भाज्या मिळतात. क्वीन्सलंड ब्ल्यू हा करडा-निळा भोपळा चवीला उत्तम, पण त्याच्या खोल खाचांत सुरी अडकते. जावईबापूंना घरी असतानाच कापायला बसवावे. आपल्याकडे निवडणुकीत भोपळा मिळाला की पुढारी घरी बसतो. क्वीन्सलंडच्या सिनेटर फ्लो ब्येल्के-पीटरसन यांना मात्र भोपळ्याच्या स्कोननेच देशभर नाव मिळवून दिले.

ब्रिटनमध्ये कोणी ‘स्क्वॉश घेणार?’ असे विचारल्यास विळी शोधू नये. संत्र्याचे सरबत येते. प्यावे.

जपानी काबोचा गडद हिरवा, गर रताळ्यासारखा पिठूळ. तिथे तो सालीसकट शिजवतात, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी तर आवर्जून. घारग्यांच्या पिठाला दुधाचा हात लावावा लागतो, एवढेच.

राहता राहिला चतुर्थीचा प्रश्न: बटरनट उपवासाला चालतो का? धर्मसिंधूत त्याचा उल्लेख नाही. तसा आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच, पण हा मुद्दा सासूबाईंपुढे काढू नये. फोनवर त्यांना ‘भोपळ्याचं भरीत केलंय’ एवढेच सांगावे आणि व्हिडिओ बंद ठेवावा.