कपाटात उजाडलं

विट्यात दोन गोष्टींना पैसे पडत नाहीत: ऊन आणि सल्ला. ऊन असं, की एप्रिलात गच्चीवर ठेवलेली तुळस दुपारी तीनपर्यंत काढ्यात टाकण्याजोगी वाळते. सल्ला तर बारमाही, घरपोच. अशा गावात लोखंडी कपाटात, दार लावून, विजेच्या उजेडावर भाजी पिकवायची असं मी जाहीर केलं, तेव्हा बायको खिडकीचा पडदा बाजूला सारून शांतपणे म्हणाली, "अहो, सूर्य बाहेर आहे."

सूर्य बाहेर आहे हे मला ठाऊक होतं. पाणी बाहेर नाही, हा माझा मुद्दा होता. आमचा खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. इथं पाऊस येतो तो पाहुण्याच्या घाईनं, चहाही न घेता आटपाडीकडं निघून जातो, आणि तिथंही थांबत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुंडीत ओतलेल्या पाण्यातलं रोप थोडं पितं, आभाळच जास्त पितं. बंद कपाटात आभाळाला हात घालता येत नाही. आणि कराडजवळच्या टेंभूतून कृष्णेचं पाणी विजेच्या पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून जो तालुका पीक काढतो, त्या तालुक्यात एखाद्यानं तारेतून चार पट्ट्या उजेड आणला तर त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

"शिवाय कपाट वाचेल," मी म्हणालो. ते कपाट तीन फूट रुंद, दीड फूट खोल, एक दार सुजलेलं. भंगारवाल्याबरोबर त्याची सोयरीक जवळजवळ ठरली होती. मी ऐन वेळी मोडता घातला.

कपाट रिकामं करून अंगणात काढल्यावर पहिले आले शेजारचे अण्णा. अण्णांचं सारं आयुष्य मदुराईत गलाईच्या भट्टीपुढं गेलं. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. भारतातल्या कुठल्याही सराफकट्ट्यावर जाऊन मराठीत शिंकलं तर 'कुठलं गाव?' असं विचारणारा एक तरी खानापूर-आटपाडीकडचा निघतोच. तर अण्णांनी कपाटाभोवती एक प्रदक्षिणा घातली, पत्र्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "ह्यात काय गाळणार?"

"गाळणार नाही अण्णा, उगवणार. कोथिंबीर."

"बरं. हवा कुठनं येणार?"

मी दाराच्या फटीकडं बोट दाखवलं. अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं त्यांनी आयुष्यभर बेन्टेक्सच्या दागिन्यांकडं पाहिलं असेल. "आरं, गरम हवा वर जाती. खाली भोक, वर भोक. वरच्याला पंखा, त्यो बाहेर फेकणारा. भट्टी असू दे न्हाईतर भाजी, वाट वरनंच द्यायची." कपाटाच्या पाठीला त्यांनी स्वतः खडूनं दोन गोल काढून दिले. जुन्या कॉम्प्युटरमधला बारा व्होल्टचा पंखा वरच्या गोलात बरोबर बसला. पुढं वाचताना कळलं की जगभर अशी पेट्या-कपाटं करणारी मंडळी हेच सांगतात, फक्त त्यासोबत बाणांच्या रंगीत आकृत्या असतात.

दुसरे आले जॉबरमामा. आमच्या गल्लीमागं यंत्रमागांची शेड आहे. त्या खटखटीत विट्याची पोरं झोपी जातात आणि सुट्टीला माग बंद पडले की दचकून जागी होतात. मामांचा हात लागला की रुसलेला माग चालतो, असा त्यांचा लौकिक. त्यांनी उजेडाच्या पट्ट्या, टायमर, वायरी सगळं एकदा पाहून घेतलं आणि एकच प्रश्न टाकला, "अर्थिंग?"

"करू की सावकाश."

"सावकाश? लोखंडाचं कपाट, आत पाणी, आत वीज, आणि वैनी हात घालणार कोथिंबीर तोडाय. सावकाश काय करतोस?"

संध्याकाळपर्यंत कपाटाच्या अंगातून हिरवी वायर निघून थेट अर्थिंगला जोडली गेली होती. पट्ट्या त्यांनी अशा टांगल्या की पाणी घालताना थेंब उडाला तरी जोडावर पडू नये. मग मामांनी दमटपणाचा विषय काढला. "सुताला दमट लागतं. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं, म्हणून आम्ही शेडात फरशीवर पाणी मारतो. रोपालाबी थोडं दमट चालंल. पण हवा हलती ठेव. थांबल्या हवेला बुरशी येती." रोपं पानांतून पाणी सोडतात, ते बंद कपाटात पत्र्यावर घामासारखं जमतं आणि कोवळी रोपं बुडातून कुजून आडवी पडतात. शेतकरी त्याला मर म्हणतात. हे सगळं मामांनी शेतीचं एकही पुस्तक न उघडता, धाग्यावरून ओळखलं होतं.

उजेडाचं शास्त्र मात्र मी स्वतः वाचलं होतं, आणि ते कुणाला तरी ऐकवायची मला घाई होती. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्स असतं. रात्री दिवे लावलेली आपली बैठकीची खोली जेमतेम काही शे लक्स. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून आपल्याला खोली लख्ख वाटते. रोपाला ती अमावास्या असते. पानातलं हरितद्रव्य मुख्यतः तांबडा आणि निळा उजेड खातं, हिरवा बराचसा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं दिसतं. त्यासाठी जांभळे दिवेच पाहिजेत असं नाही. साधी पांढरी एलईडी पट्टी म्हणजे निळा उजेड देणारा कण आणि त्यावर पिवळ्या रसायनाचा लेप. तिच्यात पालेभाजीपुरतं सगळं असतं. जांभळ्या दिव्यानं एवढंच होतं, की रस्त्यावरनं जाणाऱ्याला घरात ऑर्केस्ट्रा आहे असं वाटतं.

हे व्याख्यान देत मी पट्ट्या खणाच्या अगदी वर सरकवायला निघालो, तेव्हा आई देवघरातून म्हणाली, "तितक्या उंच लावू नगंस. घट बसतील."

आईचं म्हणणं समजायला नवरात्र पाहिलेलं असावं लागतं. घटस्थापनेला आपण परडीत माती घालतो, धान्य पेरतो आणि देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नऊ दिवस ठेवतो. कोंब येतात ते उंच, नाजूक आणि पिवळेजर्द. उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही. रोप दाण्यातली शिदोरी खर्चून नुसतं उंच होत जातं, कुठं तरी ऊन सापडेल या आशेनं. "घट पिवळाच पायजे," आई म्हणाली, "हिरवा झाला तर समजायचं, कुठनं तरी कवडसा शिरला." दसऱ्याला तेच कोंब टोपीत खोवून आमच्या विट्यात माणसं पालख्यांच्या शर्यतीला पळतात. म्हणजे घरात, मातीत, विनाउन्हाचं पीक काढायचा प्रयोग आमच्या घरी दरवर्षी होत होता. फक्त त्याला आरती होती आणि मला टायमर होता. पट्ट्या रोपांपासून वीतभर अंतरावर आल्या. आतला पत्रा पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवला, म्हणजे उजेड वाया न जाता परत पानावर यावा.

चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे आणायला कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "क्षेत्र किती?"

"तीन बाय दीड फुटाचे दोन खण."

"गुंठ्यात सांगा."

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. माझे दोन खण मिळून नऊ. मी मनात भागाकार केला आणि म्हणालो, "एकशेएकविसावा हिस्सा." दुकानात द्राक्षाच्या औषधाला आलेले बागायतदार होते. त्यांच्यातले एक अतिशय गंभीरपणे म्हणाले, "सातबारा निघाला का?"

घरी परतल्यावर मी इतिहासाचा आधार घेतला. 1829 साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोश काचेच्या बाटलीत ओल्या मातीवर ठेवला. पतंगाऐवजी त्याचं लक्ष वेधलं ते बाटलीत आपोआप उगवलेल्या नेच्यानं आणि गवतानं. बाहेर कोळशाच्या धुरानं त्याच्या बागेतले नेचे मरत होते. बाटलीतली ओल मात्र वर चढून काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. त्यातून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. रॉबर्ट फॉर्च्यूननं 1850 च्या आसपास चीनमधली चहाची रोपं अशाच पेट्यांतून हिमालयाच्या उतारावर आणली. आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये तर अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी एलईडीच्या उजेडावर तिथंच वाढवलेलं तांबडं लेट्यूस खाल्लं.

"त्यांना बाजार लांब पडतो," बायको म्हणाली. "आपल्याला दहा मिनिटं."

पेरणीला पहिला मान मेथीचा दिला. मेथी सज्जन भाजी आहे. भिजवून पेरली की दोन-तीन दिवसांत मान वर काढते. मुंबईत वाळूत वाढवलेली वीतभरसुद्धा नसलेली समुद्रमेथी मुळासकट विकतात. आता शहरांत 'मायक्रोग्रीन्स' म्हणून डबीत मिळतं ते याहून फार वेगळं नाही. कोथिंबीर मात्र मानी. धण्याचा एक गोळा म्हणजे जुळे दाणे, ते हलके रगडून वेगळे करायचे, रात्रभर भिजवायचे आणि मग आठवडा-दहा दिवस तिच्या मर्जीकडं पाहत बसायचं. उकाडा तिला सोसत नाही आणि दिवस फार लांबला तर ती पानं सोडून फुलाच्या मागं लागते, म्हणून टायमर बारा तासांवर. शिवाय कपाट माजघरात, घरातल्या सगळ्यात गार भिंतीला.

सकाळी सहाला टायमर खट्कन वाजतो आणि कपाटात उजाडतं. बाहेर उजाडायला कधी कधी वेळ असतो. दार उघडलं की पांढऱ्या उजेडात मेथीची दाट हिरवी गादी, वर पंख्याचा बारीक आवाज, आणि पाठीमागं उभे अण्णा, हातात ब्रश घेऊन फिरायला निघालेले, पण वाट वाकडी करून आलेले. पहिली कोथिंबीर कापली तेव्हा त्यांनी दोन काड्या चुरगळून वास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "टंच चांगला हाय. पण मजुरी किती पडली?"

मजुरीचा हिशेब अण्णांनीच मांडला. दहा वॅटच्या चार पट्ट्या, बारा तास; वर अखंड चालणारा पंखा. दिवसाला अर्ध्या युनिटच्या जरा पुढं, महिन्याला सोळा युनिटं. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर सव्वाशे ते एकशेसाठच्या घरात. तेवढ्या पैशात बाजारातनं, दहाला एक या भावानं, कोथिंबिरीच्या बारा ते सोळा पेंड्या येतात, आणि भाजीवाली मावशी वर चार मिरच्या टाकते. माझ्या कपाटातनं महिन्याकाठी निघतात त्या, ताणून धरल्या तरी, तीन-चार. पाण्याचा हिशेब मात्र माझ्या बाजूनं पडतो: गच्चीवरच्या कुंड्या रोज बादली मागायच्या, कपाट तांब्यावर भागतं. अण्णांनी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या, खाली रेघ ओढली आणि शेरा लिहिला: 'धंदा म्हणून नको. नाद म्हणून चालेल.' स्वच्छ सर्वेक्षणात 2021 साली लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलेलं आमचं गाव; त्यामुळं माजघरात सांडलेल्या मातीवर बायकोनं वेगळा शेरा लिहिला, तो इथं देत नाही.

माझं मत विचाराल तर अण्णांचा शेरा रास्त आहे. भाजी हवी असेल तर बाजारात जा. रोपाला उजेड किती लागतो, हवा कशाला लागते, पाणी कुठं जातं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर कपाट करा, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईहून महाग सामान मागवू नका; भट्टीवाला, मागवाला आणि नवरात्र बसवणारी आई गावात असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. सुरुवात एका ताटलीतल्या मेथीनं करा, ती जमली तरच कपाटाला हात लावा. पहिला खर्च अर्थिंगचा, दुसरा उजेडाचा, तिसरा पंख्याचा. आणि कोथिंबीर उगवेपर्यंत आमटीत घालायला एक पेंडी बाजारातनं आणून ठेवा.