चाकाचं आधार कार्ड

शेजाऱ्यांनी कुंपणाच्या भिंतीला बैलगाडीचं एक चाक टेकवून ठेवलं, त्याला जांभळा रंग दिला, आऱ्यांमध्ये मनीप्लँटच्या बाटल्या टांगल्या आणि आमच्या घरातली शांतता गेली. चाक अँटिकच्या दुकानातून आणलं होतं. साडेचार हजारांना.

"साडेचार हजार!" मी म्हणालो. "अगं, कुहीला अशी चाकं उकिरड्यावर पडलेली असतात. फुकट."

वास्तविक कुहीला, मावशीच्या गावी, जाऊन मला सात-आठ वर्षं झाली होती आणि त्याआधी गेलो तेव्हाही उकिरडा पाहायला गेलो नव्हतो. पण बायकोसमोर एकदा 'फुकट' म्हटलं की तो शब्द मागे घेता येत नाही. मी आणखी जोर लावला. चंदीगडच्या नेकचंदची गोष्ट सांगितली. साधा रस्ते निरीक्षक माणूस, 1957 पासून सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या बशा, तुटक्या बांगड्या आणि मोडके बेसिन जमवून त्यांची माणसं नि जनावरं करत राहिला, आणि 1976 मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. आज तिथे तिकीट काढून जावं लागतं.

"त्याच्याकडे जंगल होतं," ती म्हणाली. "आपल्याकडे सेप्टिक टँकवरची जागा आहे."

हे खरं आहे. नागपुरात मानेवाड्याला आमची जी बाग आहे ती 10 बाय 12 फुटांची, आणि त्यातल्या अर्ध्या भागावर मातीपेक्षा सिमेंटचं झाकण जास्त आहे. म्हणून तर सजावट लागते. झाड लावता येत नाही तिथे माणूस वस्तू लावतो.

शेवटी मी कुहीहूनच चाक आणायचं ठरवलं. पूर्वी तिथे छोट्या लाइनने जायचं. नागपूर-नागभीड ही 1908 ची नॅरोगेज, दोन रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा आणि उतरेपर्यंत सोयरीक जुळायची. 2019 च्या नोव्हेंबरात ती गाडी ब्रॉडगेजसाठी बंद झाली. म्हणून या वेळी मी गणेशपेठेतून एसटीने निघालो. दिघोरी, पाचगाव, कुही फाटा. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "अंभोऱ्याचा पूल पाहाले चालले काय जी?" हल्ली या रस्त्याला लागलेला प्रत्येक शहरी माणूस वैनगंगेवरचा तो नवा पूल पाहायला आणि त्यावरच्या काचेच्या गॅलरीत फोटो काढायलाच चाललेला असतो. मी म्हटलं, नाही, भंगार घ्यायला. गृहस्थांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

स्टँडवर मावसभाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. हेतू ऐकून त्याने मला आधी चहा पाजला. तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, "काहून बाप्पा, पेन्शन बंद झाली काय?"

बाजाराच्या कडेला कबाड्याचं दुकान होतं. मला वाटलं होतं, इथे अलीबाबाची गुहा उघडेल. कंदील, पितळी गुंड, कोरीव खुर्च्या. निघाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पंपांच्या मोटारी, कीटकनाशकांचे डबे आणि कापून ठेवलेले पत्रे. कबाडी खाटेवर बसून मोबाइलवर लोखंडाचा भाव पाहत होता.

"बंडीचं चाक आहे?"

"धाव आहे," तो म्हणाला आणि मागे बोट दाखवलं. तिथे लोखंडाच्या पाच-सहा मोठ्या कड्या एकात एक पडल्या होत्या. चाकावरचा लोखंडी पट्टा, त्याला धाव म्हणतात. बाकीचं चाक? "लाकडाले मी काय करू जी? लाकूड चुलीत गेलं. आता साऱ्या बंड्या टायरच्या."

मग त्याने मला एक गोष्ट दाखवली, तिच्यासाठी मी त्याचे सगळे भाव माफ केले. धावेच्या आतल्या बाजूला लाकडाचा ठसा होता. जळलेला, काळा, दोन सांध्यांची बारीक रेघ दिसेल इतका स्वच्छ. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतात. तापली की ती फुगते, तेवढ्यात चार माणसं सांडशीने उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आवळतं, सगळे आरे तुंब्यात घट्ट बसतात. खिळा नाही, स्क्रू नाही. तो काळा ठसा त्या एका क्षणाचा होता. "माझ्या बापानं बसवली होती," कबाडी म्हणाला. "तो लोहार होता. मी किलोनं विकतो." आणि पुन्हा मोबाइल पाहू लागला.

मी धाव मागितली नाही. नुसती धाव भिंतीला टेकवली तर पाहुणे विचारतील, सर्कस कुठे आहे.

"रेल्वेचे जुने स्लीपर?" मी विचारलं. बागेत बाक करायचा विचार होता. मावसभावाने माझा दंड धरून मला दुकानाबाहेर काढलं. "रेल्वेचा माल अन् तू मोठ्यानं विचारतोस? तुले बाकावर नाही, बेंचीवर उभं करतीन. कोर्टाच्या." शिवाय रेल्वेने हा उद्योग आपल्याआधीच केलेला आहे. नागपुरात मोतीबागला 2002 साली त्यांनी नॅरोगेजचं संग्रहालय उघडलं, तिथे रिटायर झालेली इंजिनं हिरवळीवर रंगवून उभी आहेत. बागेत जुनं चाक ठेवायचं तर असं, खाली रुळासकट.

आम्ही गावात फिरू लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की मला हवी ती प्रत्येक वस्तू इथे आहे, फक्त ती नोकरीवर आहे. ट्रॅक्टरच्या फुटक्या टायरमध्ये म्हैस कुटार खात होती. (आमच्याकडे शाळाशाळांतून टायर पिवळे-निळे रंगवून गाडतात आणि पावसाळ्यात त्यात डास पाळतात. म्हशीची पद्धत बरी.) टीव्हीच्या मोठ्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि जिथून बातम्या दिसायच्या तिथून माझ्याकडे बघत होती. चहाच्या टपरीसमोर कुठल्याशा गाडीचं अख्खं सीट होतं, त्यावर तीन म्हातारे. तेलाच्या पिप्यात तुळस. फुटक्या रांजणात झेंडू. एका घराच्या ओट्यावर मिरचीचे देठ खुडत बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या आजींच्या बुडाखाली पाट म्हणून काय होतं? जातं. दगडी, हातभर रुंद, चारी बाजूंनी टाकीचे घाव.

"आजी, हे जातं विकता का?"

"कायले रे बाबू?"

"बागेत ठेवीन. मधल्या भोकात फुलझाड लावीन."

आजींनी मिरची खाली ठेवली. "जात्यात झाड?" त्यांनी शेजारणीला विचारलं, जणू मी मराठी बोललोच नव्हतो. मग मला समजावून सांगितलं. नातीचं लग्न आहे. लग्नात हळद जात्यावर दळतात. मिक्सरवर दळली तरी आधी पाच बायका जात्याला हात लावतात. "तुह्या बायकोची हळद कायच्यावर दळली होती?" मला आठवेना. "मंग घरी जाऊन विचार," आजी म्हणाल्या आणि ओट्यावर हशा झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीमुळे.

पुढे एका कडुनिंबाखाली अर्धवट गाडलेला एक दगड दिसला. वर वेलबुट्टीसारखं काही. मी वाकलो, तोच मावसभाऊ ओरडला, "हात नको लावू!" मला वाटलं साप.

सापापेक्षा वाईट होतं. या तालुक्यातला दगड विचारून उचलावा लागतो. इथल्या मांढळला वाकाटकांच्या काळातल्या मूर्ती आणि ताम्रपट सापडले, मूर्ती नागपूर विद्यापीठात गेल्या. अडमला 1990 च्या आसपास पुरातत्त्ववाल्यांनी खणलं तर मातीचा एक मुद्रांक निघाला, त्यावर अस्सक (अश्मक) जनपदाचं नाव. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सील तोडून फेकून दिलेला मातीचा तुकडा, आणि त्यावर आता विद्वान भांडतात की अश्मक देश नेमका कुठवर होता. आपण फेकलेलं भंगार इतकं टिकेल असं त्या अश्मकाला वाटलंही नसेल. आणि 1878 चा एक कायदा आहे, इंग्रजांचा, अजून लागू: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! माझ्या चहाचे पैसे जमिनीत सापडले असते तरी अर्ज करावा लागला असता.

(दगड नंतर नीट पाहिला. वेलबुट्टी नव्हती. कुणीतरी वर्षानुवर्षं कोयता घासला होता.)

तेव्हा हिशेब असा झाला: लोखंड रेल्वेचं, दगड पुरातत्त्वाचा, जातं नातीचं. मावसभावाला माझी दया आली. म्हणाला, "पुनर्वसनात चल. तिकडे लाकूड आहे."

गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची. धरण पवनीकडे, पण पाणी चढलं ते कुही तालुक्यातल्या गावांतही. गावं उठली तेव्हा लोकांनी माणसांबरोबर घरंही नेली. वासे, कवेलू, खिडक्या, फाटकं, बंडीत भरून. नव्या वसाहतीत सरळ रस्ते, सारखे प्लॉट, सिमेंटची घरं. आणि एका अंगणात, घरापासून वीस पावलांवर, एक दार. नुसतं दार. सागवानी चौकट, पितळी कड्या, वर कमळ कोरलेलं, दोन्ही फळ्या उघड्या. आजूबाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही. चौकटीवर दोडक्याचा वेल चढला होता आणि वरून दोन दोडके लोंबत होते.

मासिकांमधून बागांचे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. असं काही पाहिलं नव्हतं.

"मुद्दाम असं उभं केलं?" मी मालकांना विचारलं.

"मुद्दाम कायचं जी. दार मोठं, घर लहान. मिस्त्री म्हने, दार कापा. मी म्हनलं, तुले कापतो." ते हसले. "मंग ठेवलं उभं. वेलाले मांडव पायजेच होता."

किंमत विचारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांची सून बादली घेऊन विहिरीकडे निघाली. वेलाला वळसा घालून जाणं सोपं होतं, तशी पायवाटही पडली होती. ती दारातून गेली. उंबऱ्यावर पाय न देता, डोक्यावरचा पदर सारखा करून. मी तोंड मिटलं.

पण मी तिच्या मागोमाग विहिरीपर्यंत पाहत राहिलो म्हणून मला चाक दिसलं. विहिरीवर आडवं, झाकण म्हणून. कोंबड्या, पोरं आत पडू नयेत यासाठी. धाव शाबूत, तुंबा शाबूत, एक आरा गेलेला. तिथूनच बादली सोडत होते.

"हे देता?"

"न्या ना," मालक म्हणाले. "पैसे नाही लागत. फक्त विहीर झाकून द्या."

फुकट! मी मनातल्या मनात घरी फोन लावला. मग कुहीला परत जाऊन वेल्डरकडून विहिरीला लोखंडी जाळी करून घेतली, दोन हजार चारशे. जाळी न्यायला ऑटो, चारशे. चाक उचलायला चार जण, त्यांचा चहा-आलुबोंडा, दोनशे. मालकांनी जाळीवर पाय देऊन पाहिलं आणि प्रसन्न झाले. त्यांच्या आयुष्यात इतका समजूतदार भंगारवाला आला नव्हता.

खरा प्रवास नंतरच सुरू झाला. चाक उभं करून, घरंगळत, मी कुहीच्या स्टँडवर आणलं. वाटेत दोन कुत्री भुंकली आणि एक बैल थांबून बघत राहिला. चार फुटांचं ते धूड बसच्या दारातून कसंबसं आत गेलं आणि मागच्या लांब सीटसमोर उभं राहिलं. कंडक्टर आले.

"नागपूर एक," मी आधार कार्ड पुढे केलं. पासष्टीच्या वर, अर्धं तिकीट.

"अन् हे?"

"सामान आहे."

"माणसाएवढी जागा धरून राहिलं."

"माझ्यापेक्षा वयानं मोठं आहे," मी म्हटलं. "सवलत द्या."

कंडक्टरांनी चाकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधार कार्ड आहे काय त्याचं?"

बसमध्ये म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या वरचे फुकट, आणि 2023 पासून बायकांनाही अर्धं तिकीट. त्या दिवशी आमच्या बाजूच्या सगळ्या सीटांवर मिळून पूर्ण भाडं भरलेला प्रवासी एकच होता, आणि तो उभा होता. पाचगावला एका बाईंनी विचारलं, "भाऊ, टांगू का?" आणि भाजीची पिशवी आऱ्याला अडकवली. मग छत्री आली. मग डबा. एक पोरगा तुंब्यावर बसला आणि दिघोरीपर्यंत ड्रायव्हर झाला. वळणावर चाक माझ्या पायावर आलं. कुणीतरी म्हणालं, "ब्रेक नाही काय जी त्याले?"

गणेशपेठेहून घरापर्यंतच्या मालवाहू ऑटोचे सातशे आणि बसची तिकिटं धरून बेरीज चार हजारांपर्यंत गेली. वेल्डरकडे बसलो असताना चपलेचा अंगठा जळाला, ती चप्पल धरली तर शेजाऱ्यांशी बरोबरी. बायकोने चाकाभोवती एक फेरी मारली. "एक आरा कमी आहे," ती म्हणाली. मग वाकून तुंब्याचा वास घेतला. जुन्या वंगणाचा, कुटाराचा, विहिरीच्या ओलीचा. बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "रंग नका देऊ."

मी तिला विचारलं, आपल्या लग्नात हळद कशावर दळली होती. ती म्हणाली, "जात्यावर. तुमच्याच मावशीकडून आणलं होतं, कुहीहून. परत दिलं की नाही, आठवत नाही."

चाकावर मनीप्लँट लावायचं ठरलं होतं. बाटल्या आणून ठेवल्या आहेत. पण मधे दोन दिवस पाऊस लागला, दोरी तुटली, आणि आऱ्यांना हवा छान लागते. काल शेजारी सौभाग्यवतींसह खास चाक पाहायला आले. त्यांना ते ताबडतोब दिसलं नाही, कारण त्यावर माझे तीन बनियान वाळत होते.