बायकोपेक्षा भरवशाची कंपनी

अमेरिकन नागरिकाशी लग्न करून, तिथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज भरणाऱ्याला पहिला नियम कळतो तो असा की, निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचे नाही. टाकायचेच असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ नावाची परवानगी आधी हातात हवी. ती नसताना मुंबईचे विमान पकडले, तर ग्रीन कार्डाचा हा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-485, तुम्ही आपणहून सोडून दिलात असे कायदा मानतो. तुम्ही का गेलात, परत येणार होतात का, बायको तिकडेच आहे की नाही, या चौकशीत तो पडत नाही. आणखी गंमत पुढे आहे. परवानगीसाठी आय-131 भरला आणि उत्तर येण्याआधीच निघालात, तर सहसा तो अर्जही निकालात निघतो. म्हणजे परवानगी मागणाऱ्यालाच कायदा म्हणतो की तुम्हाला परवानगीत रस दिसत नाही.

याचे समर्थन वरवर पटण्यासारखे आहे. अर्जदार हाताशी हवा, बोटांचे ठसे घ्यायचे असतात, मुलाखत असते. माणूस सांगलीत बसला तर फाइल कोणासमोर उघडायची? हा युक्तिवाद मान्य करायला हरकत नव्हती. पण याच नियमाच्या पोटात एक सवलत आहे आणि ती सगळा युक्तिवाद गिळून टाकते. अर्जदार एच-1बी किंवा एल-1 या नोकरीच्या व्हिसावर असेल, तो व्हिसा चालू असेल आणि परत येऊन त्याच कंपनीत कामाला लागणार असेल, तर तो अ‍ॅडव्हान्स पॅरोलशिवाय खुशाल जाऊन येऊ शकतो. अर्ज तोच, ठसे तेच, मुलाखत तीच, लग्नही तेच. फरक एवढाच की त्याची कोणीतरी ऑफिसात वाट पाहत आहे. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलाने अमेरिकन मुलीशी लग्न केले असेल, तर त्याची वाट घरी पाहिली जाते. ती वाट हिशेबात धरत नाहीत. याहून मजेशीर म्हणजे एच-1बी वाल्याची बायको. ती एच-4 या आश्रित व्हिसावर असते आणि ग्रीन कार्डाचा अर्ज पडून असतानाही माहेरी जाऊन परत येऊ शकते. म्हणजे कंपनीच्या नोकराची बायको परत येईल यावर सरकारचा विश्वास आहे. अमेरिकन नागरिकाची बायको परत येईल याची मात्र खात्री नाही. (नियमाच्या यादीत नागरिकांच्या नवऱ्याबायकांसाठीचा के-3 व्हिसाही आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तो आता जवळपास कोणाला मिळत नाही, हेही.)

आता या दोन बंधनांच्या टिकाऊपणाकडे पाहू. कंपनी आणि कर्मचारी यांचे नाते एका ई-मेलने सुटते आणि त्यानंतर नवी नोकरी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला फार तर 60 दिवस मिळतात. लग्न मोडायला निदान कोर्टाची पायरी चढावी लागते, वकील करावा लागतो, भांडी वाटून घ्यावी लागतात. तरी भरवशाचे कोणते, तर पहिले. एच-1बी वाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये, हे खरे. डिसेंबर 2025 मध्ये व्हिसाचा शिक्का घ्यायला भारतात आलेल्या अनेकांच्या मुलाखती ऐनवेळी काही महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि माणसे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या तारखांकडे डोळे लावून माहेरपण लांबवत बसली. पण त्यांची अडचण शिक्क्याची होती. त्यांनी ग्रीन कार्डाचा नाद सोडला, असे त्यांच्याबद्दल कोणी मानले नाही.

यावर ठेवणीतला आक्षेप येतो तो खोट्या लग्नांचा. तो खोटा नाही. कार्डापुरती लग्ने होतात, म्हणूनच 1986 मध्ये अमेरिकेने खास कायदा केला. तेव्हापासून लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत मिळालेले कार्ड सशर्त असते आणि संसार खरा होता हे पुढे पुन्हा सिद्ध करावे लागते. ती चाळणी असू द्यावी. प्रश्न असा की प्रवासबंदीची चाळणी कोणाला अडवते? कागदापुरते लग्न केलेल्याला सासू नसते, म्हणजे तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रियाही नसते. मेहुणीचा साखरपुडा नसतो, घरचा गणपती नसतो. तो निवांत एका जागी बसून राहतो आणि नियम पाळणारा आदर्श अर्जदार ठरतो. अडकतो तो खराखुरा जावई. मुलाखतीच्या दिवशी मात्र दोघांनी एकत्र आयुष्याचे पुरावे आणायचे असतात: घरभाड्याचा करार, बँकेचे खाते आणि दोन्हीकडच्या कुटुंबांसोबतचे फोटो. ते फोटो सासरी न जाता कसे काढायचे, याचा उलगडा सूचनापत्रात नाही.

दुसरा आक्षेप असा की परवानगी मिळते ना, मग घ्या. घ्यावी. 1 एप्रिल 2024 पूर्वी ग्रीन कार्डाच्या अर्जासोबत ती मागायला वेगळी फी नव्हती. त्या दिवशी ती 630 डॉलर झाली, आय-485 च्या 1,440 डॉलरखेरीज. पैसे भरून महिनोन्महिने थांबायचे. घाईसाठी तातडीची सोयही आहे: स्थानिक कार्यालयाची वेळ मिळवावी आणि निकड सिद्ध करणारी कागदपत्रे घेऊन हजर व्हावे. सोय चांगली आहे, फक्त ती आपल्याकडच्या मरणाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. साताऱ्यात शनिवारी सकाळी वडील गेले, तर संध्याकाळच्या आत अग्नी दिला जातो. अमेरिकेतले कार्यालय सोमवारी उघडते आणि नगरपालिकेचा दाखला त्याच्याही नंतर. मुलाने तेराव्याला पोहोचावे एवढीच अपेक्षा ठेवता येते. बरे, कागद मिळाला तरी तो प्रवेशाची हमी देत नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा मूड हा शेवटचा फॉर्म असतोच.

कायदा रुक्ष आहे, त्याला कल्पनाशक्ती नाही, असे म्हणून मात्र त्याला सोडता येत नाही. कल्पनाशक्ती त्याच्याकडे भरपूर आहे. एक वर्षाहून जास्त बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला दहा वर्षे परत येता येत नाही, असे 1996 चा कायदा सांगतो. पण 2012 मध्ये अर्राबल्ली आणि येर्राबेल्ली या भारतीय दांपत्याच्या प्रकरणात तिथल्या अपील मंडळाने ठरवले की अ‍ॅडव्हान्स पॅरोल घेऊन जाणे हे या नियमापुरते ‘जाणे’ नव्हेच. आणि पॅरोलवर परत आलेला माणूस न्यू जर्सीच्या एडिसन गावातल्या घरात भाकरी भाजत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अजून वेशीवर उभा असतो. गेलेला गेला नाही आणि आलेला आला नाही, इतके ज्याला मानता येते, त्याला नवरा तेरावे उरकून बायकोकडे परतेल हे मानणे जड का जावे?

तोवर व्यावहारिक तोडगा एकच दिसतो. अमेरिकन बायकोने एक छोटीशी कंपनी काढावी आणि नवऱ्याला एच-1बी वर नोकरीला ठेवावे. वर्षाला 85,000 जागा असतात आणि अर्ज जास्त येतात, त्यामुळे आधी सोडतीत नंबर लागला पाहिजे. सरकारने ठरवलेल्या दराने त्याला दरमहा पगार द्यावा लागेल, तोही बुडवता येणार नाही. खरी अडचण पुढे आहे: तो जे काम करतो त्याला किमान पदवी लागते, हे तिला लेखी पटवून द्यावे लागेल.