आघाड्याला हात लावू नकोस

पेणला दारातला फुलांचा ताटवा आवरायचा तर तो मे महिन्यात आवरावा. एकदा पाऊस लागला की चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, आणि मग आपण लावलेलं कुठलं नि आपसूक आलेलं कुठलं, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पण मेमध्ये उकाड्याने जीव जातो, त्यामुळे हे काम निघतं श्रावणातच. गल्लीतल्या कारखान्यांत गणपतींच्या डोळ्यांची आखणी चाललेली असते आणि आमच्या घरात हुकूम सुटतो, ‘पाहुणे यायच्या आत ते जंगल तेवढं बघ.’

हुकूम आईचा. हरकतीही आईच्याच.

ताटव्याला उभ्या कौलांची कड आहे, असं आम्हाला आठवत होतं. ती शोधायला मी खुरपं घेऊन बसलो आणि पहिलाच आघाडा मुठीत धरला.

“त्याला हात लावू नकोस, पत्रीला लागतो!”

मग माका धरला. तोही पत्रीत. धोतरा, डोरली, दूर्वा, सगळी मंडळी पत्रीत. गणपतीच्या २१ पत्रींची यादी करणारा बहुधा आमच्याच पायरीवर बसला असावा. “अगं, आदल्या दिवशी बाजारात जुडी मिळते,” मी म्हटलं. “त्यात डोरली नसते. असली तर सुकलेली,” आई म्हणाली. एवढ्या वेळात आघाड्याने माझ्या पायजम्याला पोटरीपर्यंत बिया चिकटवल्या होत्या. झटकून त्या जात नाहीत; एकेक चिमटीत धरून उपटावी लागते.

तण वाचलं, म्हणून झाडांकडे वळलो. तेरडा काढायचा नाही, आमची गौर तेरड्याची. त्याचा रंग तीन दिवस म्हणणाऱ्यांनी त्याचं पिकलं बोंड कधी दाबून पाहिलेलं नसावं. हात लागताच फट्कन फुटतं आणि पुढच्या वर्षाची सोय करून मोकळं होतं. जास्वंद गणपतीची, तगर शंकराची, अबोली वहिनीच्या गजऱ्याची. अनंत तर आत्याने दिलेला, म्हणजे त्याची फांदी छाटली तरी अलिबागपर्यंत बातमी. कष्ट माझे, पण सातबारा प्रत्येक झाडाचा दुसऱ्याच्याच नावावर.

बेवारस सापडला तो एकटा सोनटक्का. पानं छाटून भागत नाही. हा आल्याचा भाऊबंद, खरा कारभार जमिनीखाली. कुदळ मारली की आल्यासारखाच वास सुटतो, गाठीमागून गाठ निघत राहते आणि बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा फुटतो. दुपारपर्यंत कुंपणाशी ढीग झाला. दोन कौलंही सापडली.

तेवढ्यात दिवा-रोहा मेमूने परत जाता जाता मावशी उतरली. मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते ती जागा रोहा, त्यामुळे तिथली माणसं हद्दीच्या बाबतीत फार काटेकोर. “चार झाडं असावीत, पण सुटसुटीत,” हे मावशीचं ठाम मत. वर चिंतामणराव देशमुखांचा दाखला. ते बालपणी रोह्यात होते आणि १९१७ साली केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं, हे खरंच आहे. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एवढं वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्यानेही शेवटी बँकच पत्करली, याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

मावशीची नजर कुंपणाकडे गेली. “सोनटक्का टाकतोयस? वेडा की काय!”

पिशवी आली. सोनटक्क्याच्या गाठी आत गेल्या. त्यांच्यावर अनंताची फांदी (आत्याला कळवू नये असं ठरलं), तेरड्याची रोपं, अबोली आणि ‘आमच्याकडे मेली मिळतच नाही’ म्हणून मुळासकट डोरली. पेण स्टेशनवर ती पिशवी डब्यात चढवायला मला एका अनोळखी गृहस्थांची मदत घ्यावी लागली.

गाडी हलताना मावशी खिडकीतून ओरडली, “रविवारी ये रोह्याला, वाफा खणायचाय! आणि कुदळ तुझीच आण, आमच्याकडे असली कामं निघत नाहीत!”