भावकीचं झाड आणि पुण्याचे भाऊजी

"काय ओ वहिनी, कपडे वाळत घालायलाव व्हय? थांबा की जरा. आमच्या अक्कांना काढलं, कळलं का तुम्हाला?"

"अगं बाई, कुठनं काढलं?"

"वंशावळीतनं! म्हणजे नाव हाय अजून, पण हात लावायचा हक्क गेला. परवा अक्कलकोटहून फोन आला त्यांचा. पासवर्ड घेईना म्हणाल्या. मला वाटलं वयानं विसरल्या असतील. तर कसलं काय, पुण्याच्या भाऊजींनी त्यांना अ‍ॅडमिनमधनंच काढून टाकलेलं."

"ते कोरोनात सुरू केलेलं खूळ, तेच का?"

"तेच की. अमेरिकेतल्या पुतण्यानं घरच्यासाठी साइट काढून दिली, सगळ्या भावकीनं मिळून नावं भरायची ठरलं. भरणार कोण? ग्रुपवर अंगठा दाखवायला शंभर जण, कामाला एकट्या अक्का. शाळेतनं रिटायर झाल्या आणि मोडी शिकल्या ओ! त्र्यंबकेश्वरला स्वतःच्या खर्चानं जाऊन आल्या. तिथले उपाध्ये गाव आणि आडनाव धरून वह्या ठेवतात. यात्रेला गेलेला माणूस आपल्याच हातानं लिहायचा, बाप कोण, आजा कोण, भाऊ किती, पोरं किती. आमच्या सीनाकाठच्या गावची पानं अक्कांनी बसून उतरवून आणली."

"हरिद्वारलाबी असतंय म्हणे."

"असतंय की. तिथल्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी 1977 पासून फिल्म काढून ठेवलीय. त्यांना आपल्या बापजाद्यांची एवढी काळजी, आणि हितं बघा. तर त्र्यंबकच्या पानावर निघालं काय, की भाऊजींचे पणजोबा दत्तक. बायकोच्या माहेरचा पोरगा मांडीवर घेतलेला. अक्कांनी बिचाऱ्यांनी जसं होतं तसं भरलं."

"मग? दत्तक काय चोरी हाय का?"

"तेच म्हणते मी. राजघराण्यांतनं दत्तक झाले, आमचं काय एवढं सोनं लागून गेलंय? पण भाऊजींना झोंबलं. दुसऱ्या दिवशी 'दत्तक' शब्द गायब, पणजोबा थोरल्या पातीचे सख्खे वारस! अक्कांनी परत लिहिलं, त्यांनी परत पुसलं. असं चारदा झाल्यावर त्यांनी नोंदीला कुलूप घातलं. ग्रुपवर काय टाकलं ऐका. 'दिल्या घरच्या लेकीनं माहेरच्या वंशावळीत लुडबुड करू नये.'"

"आरारा! सगळं काम करून घेतलं तवा लेक, आणि आता दिल्या घरची?"

"अक्कांनी उत्तर दिलं की. म्हणाल्या, जुन्या वंशावळी बहुतेक वतनासाठी लिहिलेल्या. 1874 च्या वतन कायद्याच्या काळातली पाटीलकी पोरांकडंच जायची, म्हणून कागदावर पोरंच. ती पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली. महाराष्ट्रात 1994 ला लेकींना वडिलार्जितात वाटा मिळाला, सगळ्या देशात 2005 ला. आता लेकीचं नाव लिहायला कुणाची परवानगी लागते? ग्रुपवर शांतता. आमच्या ह्यांनी तर हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी म्हटलं, अहो, कुणाला जोडलेत ते तरी सांगा."

"भाऊजी एकटेच मालक कसे झाले पण?"

"सर्व्हरचे पैसे ते भरतात म्हणून. वर्षाला किती ते कुणालाच सांगत नाहीत. अक्कांच्या एसटीचा, नाशकातल्या मुक्कामाचा हिशेब कुणी मागितला नाही. पुतण्या म्हणतो, जगभर हेच चालतं काकू. गेनी म्हणून एक साइट हाय, 2007 ला निघाली, 2012 ला इस्राएलच्या मायहेरिटेजनं विकत घेतली. तिथं क्युरेटर म्हणून स्वयंसेवक असतात, त्यांनी नोंदीला कुलूप लावलं की बाकीचे ओरडत बसतात. फुकटच्या कामाला मानाची भूक जास्त, असं मला वाटतंय. पगार असता तर संध्याकाळी पाचला भांडण थांबलं असतं."

"आमच्यात बरंय बाई. हेळवी येतो, ओसरीवर बसतो, वही काढतो. आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकल हाय. गेल्या साली कोण जन्मलं, कोण गेलं, सून कुठली, सगळं विचारून लिहितो. मागच्या सात पिढ्या घडाघडा म्हणतो. ज्वारी द्यायची, पैसे द्यायचे, गेला."

"तेच तर शहाणपण होतं वहिनी. वही परक्याकडं! हेळवी काय, पंडा काय, त्याला तुमच्या थोरल्या-धाकट्या पातीचं देणंघेणं नाही. दक्षिणा मिळाली की लिहितो. आमच्या जाणत्यांनी भावकीच्या हातात लेखणी मुद्दामच दिली नसणार. आता आपणच लिहायला बसलो, म्हणजे वाटणीतल्याच माणसानं मोजपट्टी धरल्यासारखं झालं."

"मग अक्का गप्प बसल्या?"

"अहो, खरी मजा पुढंच हाय! भाऊजींच्या नातवाला कुणबी दाखला काढायचाय. 2023 ला ती शिंदे समिती बसली ना, जुन्या नोंदी हुडकणारी, तवापासनं सगळ्यांचं चाललंयच. आमच्या गावची एक मोडी नोंद मिळाली, पण त्यात पणजोबांपुढं 'दत्तक' लिहिलेलं. आणि भाऊजींनी अर्जाला जोडलं काय, तर स्वतःच्या साइटचं रंगीत प्रिंट. त्यात सख्खे! कागदाला कागद जुळेना. आता नोंद वाचून, जुळवून देणारं घरात कोण? अक्का. केला फोन काल रात्री, आवाज एकदम लोण्यासारखा. 'अक्का, तेवढी तुझी त्र्यंबकची पानं पाठव की.'"

"मग?"

"अक्का म्हणाल्या, 'अ‍ॅडमिनला विचारून सांगते.'"

"शाब्बास! मग आता?"

"आता काय, रविवारच्या गाडीनं भाऊजी यायलेत. सोलापूरला उतरणार, दुपारी अक्कलकोटला. म्हणजे जेवण माझ्याच गळ्यात. वहिनी, तुमच्याकडं कडक भाकरी असतील तर चार ठेवा बाजूला. आणि शेंगाचटणी तिखटातली द्या, गोडी नको."