दिल्लीदर्शनाचा हजेरीपट

राजधानी पाहायला जाणं ही आपल्याकडे आता सहल राहिलेली नाही, ती हजेरी झाली आहे. जांब समर्थहून जालना, जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस आणि नवी दिल्लीला उतरलं की ‘दिल्लीदर्शन’ची बस, हा क्रम ठरलेला. लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, बिर्ला मंदिर असे सगळे ‘पॉइंट’ एका दिवसात. प्रत्येक पॉइंटला वीस मिनिटं. त्यातली दहा बाथरूमच्या रांगेत जातात आणि उरलेली दहा आत्याबाई फोटोत नीट येईपर्यंत. 1608 मध्ये याच जांब गावात जन्मलेले समर्थ रामदास बारा वर्षं पायी देश हिंडले, असं परंपरा सांगते. त्यांच्या गावचं कुटुंब आज चार दिवसांत, तेही गरम पाण्याच्या आंघोळीसकट, सगळं उरकून येतं. प्रगती म्हणतात ती हीच.

आता या हजेरीत पाहिलं काय, ते तपासू. लाल किल्ल्यात शिरताच मराठी माणसाचा ऊर भरून येतो आणि शिवाजी महाराज दरबारात नेमके कुठे उभे होते, याची चौकशी सुरू होते. 1666 चा तो दरबार भरला होता आग्र्यात. पण हे कळेपर्यंत दिवाण-ए-खासकडे पाठ करून सेल्फी काढून झालेली असते. त्याच दिवाण-ए-खासच्या छताची चांदी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला उतरवून वितळवली. 1772 मध्ये महादजी शिंद्यांनी परागंदा झालेल्या बादशहा शाह आलमला याच दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवलं. म्हणजे आपला इतिहास जिथे घडला तिकडे आपली पाठ, आणि जिथे घडलाच नाही तिथे मुजरा. राष्ट्रीय संग्रहालयाची गत याहून बिकट. त्याचा नंबर लागतो तो बाहेर ऊन आणि आत एसी म्हणून. सोमवारी ते आणि लाल किल्ला दोन्ही बंद असतात, हे पुष्कळांना दारात गेल्यावरच कळतं. मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी या संग्रहालयाची आहे. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. ‘एवढीशीच?’ म्हणून मंडळी पुढे सरकतात. दोन मिनिटं थांबली असती, तर कमरेवर ठेवलेल्या उजव्या हातात चारच बांगड्या आणि डावा हात मात्र मनगटापासून खांद्यापर्यंत भरलेला, हे दिसलं असतं. जालना जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बंजारा बायांचे भरलेले हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही पोर परकी वाटली नसती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कापसाचे पैसे हातात आल्यावर माणूस आयुष्यात एकदा दिल्लीला जातो, मग सगळं पाहून घ्यायला नको का? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. रोज जाणाऱ्याला घाई परवडते, एकदाच जाणाऱ्याला नाही. दुसरा आक्षेप: आम्ही मजा करायला जातो, अभ्यासाला नाही. मान्य. पण बाप बॅगा मोजतोय, आई पोरं मोजतेय आणि बसवाला हॉर्न वाजवून प्रवासी मोजतोय, यात मजा नेमकी कोणाच्या वाट्याला येते? तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त: पोरांना राजधानी दिसली पाहिजे. दिसलीच पाहिजे, फक्त ती दिल्लीतच असते, हा समज सोडावा लागेल. सातवाहनांची राजधानी पैठणला, यादवांची देवगिरीला. समर्थांच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, 1610 मध्ये, मलिक अंबरने खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. महंमद तुघलकाने तर 1327 मध्ये दिल्लीची राजधानीच आपल्या दारात, देवगिरीला, आणून ठेवली होती. त्यापायी जग त्याला वेडा म्हणतं. पण देवगिरीत मुक्काम करण्यासारखं काही आहे, एवढं तरी त्या वेड्याला कळलं होतं. शहाण्यांना तिथला 1445 चा चांदमिनार वेरूळला जाताना गाडीच्या काचेतून पुरतो. 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर ज्यावर चढायला बंदी झाली, त्या कुतुबमिनारखाली मान मोडेपर्यंत वर पाहायला मात्र हीच मंडळी हजार किलोमीटर जातात.

तेव्हा दिल्लीला जरूर जा, पण बसवाल्याची यादी बसवाल्यालाच परत करा. दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा, सोमवार टाळा, काचेखालची पाटी पोरांना मोठ्याने वाचायला लावा. आणि सचखंडचं तिकीट काढण्याआधी एक रविवार देवगिरीला द्या. तिथल्या किल्ल्यातल्या ‘अंधारी’ या काळोख्या भुयारी वाटेतून वर गेलेल्या पोराला लाल किल्ल्यात काय विचारायचं, हे कोणत्याही गाइडने शिकवावं लागणार नाही.